सहा मिनिटांचा डोंगर

अगं बायांनो, अशा लांब काय बसलाय? सरा जवळ. आणि आधी मला सांगा, घरातला माणूस खोकून खोकून वाकडा होतोय आणि तुम्ही त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून मोकळ्या होता, हे कुठलं शहाणपण? रागावू नका. मीही तेच केलंय, तेही वीस वर्षं. म्हणून तर बोलायचा हक्क आहे मला.

आमचे मालक फौंड्रीत कास्टिंग घासायचे. वाळूच्या साच्यातून निघालेलं लोखंड साफ करायचं काम. धूळ इतकी, की पापण्यासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. पाळी सुटली की तिथं हातावर गूळ मिळायचा. गूळ खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरते, असं सगळेच मानायचे. मी घरीही द्यायची, जोतिबाच्या नैवेद्यातला म्हणून जरा श्रद्धेनंच. पुढं यांना दम लागायला लागला. टीबी समजून दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला. थुंकीत काही सापडेना, दमही हटेना. डॉक्टरांनी काम विचारलं की हे नुसतं "कंपनीत" म्हणायचे. फौंड्रीचं नाव काढलं तर कामावरून काढतील, ही भीती. अंगणातल्या नळापर्यंत गेले तरी भिंतीला टेकायचे. तेव्हा मी देवाशी बोलणंच सोडलं होतं. रविवारचा दिवाही लावत नव्हते. आणि एका रविवारी हेच म्हणाले, "चल, जोतिबाला जाऊन येऊ. एकदा बघून येतो त्याला." त्या 'एकदा'नं माझं काळीज हललं. मनात म्हटलं, देवा, यांचा श्वास परत दे, यांचा हात धरून तुझा डोंगर पायी चढेन.

एसटी वरपर्यंत जाते, पण देऊळ पायऱ्या उतरून खाली; दर्शन घेऊन त्या परत चढताना हे मध्येच बसले. ओठ जांभळे झालेले. भोवती गुलालाची उधळण चाललेली. मी घाबरून पदराची गाठ सोडून गूळ काढला आणि यांच्या तोंडाशी नेला. शेजारच्या पायरीवर एक वयस्कर गृहस्थ टेकले होते, तेही धापाच टाकत. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून यांच्या नाकातोंडावर धरला. "पावणं, देवाला गुलाल आवडतोय, तुमच्या छातीला न्हाय." मग माझ्याकडं बघून हसले, "आणि वहिनी, गूळ जातोय पोटात, धूळ हाय छातीत. दोघांची गाठ पडायची कुठं?"

ते गडहिंग्लजकडचे. उमेदीची वर्षं चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत, दगडाला भोकं पाडण्यात गेलेली. "काम काय करतासा?" त्यांनी विचारलं. हे सवयीनं म्हणाले, "कंपनीत."

"कंपनी न्हवं, काम इचारतोय की!" आवाज असा चढला की पुढच्या बाया वळून बघायला लागल्या. "मीबी असंच लपवलं, पार काळजावर ताण आला तवा खरं बोललो. डाक्टरला वाळू सांगा. किती वर्सं, त्येबी सांगा." गर्दी जरा पांगल्यावर त्यांनी श्वास सोडायला शिकवलं. नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळू सोडायचा. "म्होरं दिवा हाय असं समजा. वात हलाय पायजे, इझाय न्हाय पायजे." यांच्या ओठांवर हळूहळू रंग आला. मी नळावर पाणी आणायला गेले, परत येते तर पायरी रिकामी. टॉवेल तेवढा यांच्या गळ्यात. नावसुद्धा विचारायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरीणबाईंसमोर एका दमात बोलले, "फौंड्री. वाळू. वीस वर्षं." त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. छातीचे नवे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं, हृदयाची सोनोग्राफी केली. टीबी नव्हता, सिलिकोसिस होता. धुळीनं फुप्फुसात चट्टे पडलेले, तिथल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला आणि हृदयाची उजवी बाजू थकत चाललेली. पाइपात गाळ साचला की मोटर तापते, तसं. "चट्टे जाणार नाहीत, काकू," त्या म्हणाल्या, "पण उरलंय ते राखू." फौंड्री सुटली. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं, औषधं आली, रोजचा व्यायाम आला. मी यांच्यासमोर खरोखरच दिवा लावून ठेवायची. असा रविवारचा दिवा पुन्हा लागला, आणि मग रोजच लागायला लागला.

डॉक्टरीणबाईंकडं चालायची एक परीक्षा असते. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून दवाखान्याच्या बोळात सहा मिनिटं चालायचं. पहिल्या खेपेला हे दोनदा बाकावर बसले, चौथ्या मिनिटाला तर रडवेले झाले. यंदा पुन्हा उभे राहिले, गळ्यात तोच टॉवेल. "थांबायचं तर थांबा हं, काका." हे कशाला थांबतात! ओठांचा चंबू, हळू पावलं, एक फेरी, दुसरी फेरी. मी बाकाची कड घट्ट धरून बसलेली. घड्याळ वाजलं आणि यांनी हात वर करून आरोळी ठोकली, "चांगभलं!" अख्खी ओपीडी, ज्यांना धड श्वास घेता येत नाही ती माणसंसुद्धा, एका सुरात ओरडली, "चांगभलं!"

डॉक्टरीणबाईंनी डोंगर पायी चढायला मनाई केलीये. आधी मला नवसाची टोचणी होती. त्या दिवशी गेली. डोंगर मी बोलले होते, देवानं बोळ दिला, आणि हात धरायचीही गरज ठेवली नाही. मागताना आपण त्याला रस्तासुद्धा आखून देतो गं. तो त्याच्याच वाटेनं येतो, कधी धापा टाकत पायरीवर बसलेला असतो. आता मी नुसते हात जोडते, कसं कर ते सांगत नाही.

गुलाल अजून लावते यांना, पाण्यात कालवून बोटभर. आणि तुमचा माणूस वाळूत, दगडात काम करत असेल तर त्याला घेऊन या आमच्याकडं, लवकर या. हे दारात उभे राहून वाट दाखवतील. गूळ आहे घरात, पण तो चहापुरता. या की!