सुचित्राताईंचा हर्निया

वणीच्या सुचित्रा पांढरीपांडे आयुष्यात एकदाच ठरवून खोटं बोलल्या, आणि तेही स्वतःच्या पोटाबद्दल.

बाई अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका. मारेगाव तालुक्यातल्या तेवीस अंगणवाड्या त्यांच्याकडे होत्या, त्यातल्या सहा कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर. काम ठरलेलं. आढ्याला काटा टांगायचा, झोळीत लेकरू ठेवायचं, वजन तक्त्यावर मांडायचं आणि आईला चार शब्द सुनवायचे. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, हे त्यांनी वीस वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते सांगताना त्यांचं लक्ष दुसरीकडेच असे. पंचाईत एवढीच होती, की झोळीतलं लेकरू दोन किलोचं आणि समजावणाऱ्या बाई एकशे एकवीस किलोच्या. पोडावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. सुचित्राताईंना ते दिसे, लागेही, पण त्या वजन लिहून मोकळ्या होत.

गुडघे आणि साखर दोन्ही हाताबाहेर गेली, तेव्हा २०१५च्या दिवाळीनंतर त्यांनी नागपूरला जठर लहान करून घेतलं. पुढच्या दीड वर्षात सत्तेचाळीस किलो उतरले. चरबी गेली, कातडी मात्र कुठे जाणार? उशी काढून घेतल्यावर अभ्रा उरावा तसं पोट मांड्यांवर लोंबू लागलं. साडी नेसताना ती घडी उचलून निऱ्यांत कोंबावी लागे. हिवाळ्यात हे निभलं. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, घडीखालची कातडी घामानं सोलून निघाली. आता तिला वासही येऊ लागला, आणि बाई जीपमध्ये इतरांपासून अंग चोरून बसू लागल्या.

एका दुपारी पोडावर वजनं घेता घेता त्यांना घेरी आली. तिथली सेविका जंगुबाई टेकाम. पंचेचाळिशीची, पाच बाळंतपणांची, बोलायला कमी. तिनं त्यांना आत नेऊन निजवलं, साडी सैल केली, आणि जे दिसलं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भाव येईल म्हणून तिच्या घरात अर्ध्या खोलीभर कापूस पडून होता. त्यातला मूठभर घेऊन तिनं सरकी काढली आणि रुई घडीखाली नीट बसवली.

"रोज बदलवत जा, म्याडम. ओलं राह्यलं तं सडते."

सुचित्राताईंना रडूच आलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण ती जागा त्यांनी नवऱ्यालाही पाहू दिली नव्हती. तेव्हापासून दर फेरीला जंगुबाई रुईची एक पिशवी त्यांच्या हातात ठेवू लागली.

तरी ती कातडी काढायच्या दुसऱ्या ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा यजमान चारुदत्तराव उखडले. कॉलेजात ग्रंथपाल होते, शिस्तीचे. "सत्तेचाळीस किलो गेले ना? आता पुन्हा कायले कापून घेतेस? लोक म्हणतील, पांढरीपांडे बाईंना या वयात हिरॉईन व्हायचंय."

लोकांची भीती बाईंनाही होतीच. वर्षही तसलंच होतं. पावसाळ्यात फवारणी करणारी माणसं विषबाधा होऊन यवतमाळच्या दवाखान्यात भरती झालेली, आणि पाठोपाठ गुलाबी अळीनं बोंडं पोखरलेली. अशा वर्षी, पोटावरची जास्तीची कातडी काढून घ्यायला रजा हवी, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी अर्जात लिहिलं, हर्निया. हर्निया हा सभ्य आजार आहे. ऐकणारा हळहळतो आणि तपशील विचारत नाही.

नोव्हेंबरात नागपूरच्या डॉक्टरांनी या कमरेपासून त्या कमरेपर्यंत चिरून कातडी काढली, उरलेली खाली ओढून शिवली आणि बेंबीला नव्या जागी भोक पाडलं. तपासताना घडीत त्यांना एक सरकी सापडली होती. "हे काय?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडचं औषध," बाई म्हणाल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सवयीनं विचारलं, "काढलेल्याचं वजन केलं का?" केलं होतं. दोन किलो सातशे. आकडा ऐकून त्यांना नुसतं हलकं वाटलं.

जानेवारीत त्या कामावर आल्या. साडी चापूनचोपून बसलेली, चाल सरळ. पोडावर जंगुबाईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हर्नियाचं होतं का ते सारं?"

"हो."

तिच्याशी तरी खरं बोलायला हवं होतं. पण मदतनीस शेजारी उभी होती, आणि एकदा बोललेलं खोटं असं माणसागणिक मागे घेता येत नाही. त्या तक्ता तपासू लागल्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी जंगुबाई वणीला त्यांच्या दारात उभी. हातात कपड्यांची पिशवी.

"म्याडम, नागपूरले जाऊन राह्यली. त्या डॉक्टरचा पत्ता द्या."

"काहून?"

"माह्यंबी पोट लटकते. बेंबीवर गोळा येते, खोकलली का फुगते. लय दिवसापासून हाय. तुमचं पाह्यलं तं वाटलं, आपलंबी तेच. वेचणी झाली, आता सवड हाय."

सुचित्राताईंनी तिला आत घेऊन गोळा पाहिला. लिंबाएवढा होता. खरोखरचा हर्निया. आणि ही बाई नागपूरच्या प्लास्टिक सर्जनच्या काचेच्या दारात पिशवी घेऊन उभी राहणार होती, ती केवळ त्यांच्या शब्दावर विसंबून. पत्ता हरवला म्हणता आलं असतं. डॉक्टर परदेशी गेले म्हणता आलं असतं. ही दोन्ही वाक्यं त्यांच्या ओठांवर येऊन गेली. खरं सांगितलं, तर वीस वर्षं आयांना वजनावरून बोलणाऱ्या बाईचं हसं सहाही पोडांवर होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी दार लोटलं, पदर बाजूला केला आणि साडी खाली सरकवून व्रण दाखवला.

"जंगुबाई, मला हर्निया नव्हता. नुसती कातडी होती. ती कापून टाकली. मी तुमच्याशी खोटं बोलले."

जंगुबाईनं व्रण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग बेंबी पाहिली.

"हे नवीन हाय?"

"भोक नवीन आहे."

जंगुबाई हसली नाही, रागावलीही नाही. तीही वजनं घेणारीच. म्हणाली, "किती भरलं?"

"दोन किलो सातशे."

ती बोटांवर काहीतरी आठवू लागली. "यंदा पोडावर सात बाळंतपणं झाली, म्याडम. एकबी लेकरू एवढं नाही भरलं. सर्व्यात मोठं ते दोन किलो तीनशेचं."

यात टोमणा नव्हता. महिन्याच्या बैठकीत जशी सांगायची तशीच तिनं ही माहिती सांगितली होती. सुचित्राताईंनी साडी नीट केली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चहा टाकला, दोघींसाठी पोहे केले आणि जंगुबाईला रात्री ठेवून घेतलं. चारुदत्तराव पाहुणी कोण म्हणून विचारायला आले आणि बायकोचं तोंड पाहून परत गेले.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं दोघी यवतमाळला गेल्या. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर रांग होती. नंबर आला तेव्हा आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "काय तकलीफ?"

सुचित्राताई सांगायला पुढे झाल्या. जंगुबाईनं त्यांना हातानंच थांबवलं.

"हर्निया," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे एकवार पाहून खिडकीत म्हणाली, "खरा."