काळी पट्टी न ओढणारा टपालवाला

“खोडू कायले?” असं म्हणून बाबूजी चष्मा कपाळावर सारायचे. प्रश्न तुम्हाला असायचा, पण उत्तरासाठी ते थांबत नसत. लगेच वाचायला लागायचे.

बाबूजी निवृत्त पोस्टमन. दवनीवाड्याकडच्या गावांत सायकलवर टपाल वाटण्यात त्यांची नोकरी सरली. पुढं मुलाकडे गोंदियाला राहायला आले आणि आमच्या कॉम्प्लेक्सच्या दुकानदार संघात वाचायला बसू लागले. तुम्हाला हे नवल वाटेल, पण आमच्याकडे तशी पद्धतच आहे. अमावस्येला दुकानं बंद असतात, त्या दिवशी मधल्या पॅसेजमध्ये सतरंजी टाकून बैठक होते. तक्रार लेखी द्यायची आणि ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली गेली, तरच संघानं ऐकली असं धरायचं. न वाचलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. सिंधी, मारवाडी, पोवार, छत्तीसगढी असे सगळेच सभासद, म्हणून मराठीत वाचून लगेच हिंदीत सांगणारा माणूस लागतो. आधीचा वाचणारा अध्यक्षांच्या मर्जीतला होता. त्यानं काम सोडलं आणि चहा-पोह्यांवर बाबूजी आले.

त्या आधीच्या माणसाचं नाव काढलं की माझी कानशिलं अजून तापतात.

माझं दुकान जुन्या कॉम्प्युटरचं. कामठ्याहून येऊन दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारला, भाव करता करता धंदा शिकलो आणि हा गाळा मिळवला. कोणाच्या बापाची मदत नाही. त्याच गाळ्याच्या शटरसमोर अध्यक्षांच्या साळ्यानं आपला डिझेल जनरेटर आणून ठेवला. वीज गेली की धूर सरळ माझ्या दुकानात. गिऱ्हाईक डोळे चोळत बाहेर. मी अर्जावर अर्ज दिले. तो माणूस वाचायचा, “एका सभासदाला आवाजाचा थोडा त्रास आहे.” जनरेटर कोणाचा, धूर कुठं जातो, काही नाही. सगळे माना डोलवायचे आणि चहा यायचा.

बाबूजी माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते मोबाइल दाखवायला. एका कॉम्प्युटरवर गेम चालू होता, गिऱ्हाइकाला स्क्रीन दाखवायला मी तो लावून ठेवायचो. कुठल्याशा देशात लढाई चालू आहे आणि तुम्ही सरकारी टपाल तपासणारे बाबू. समोर पत्रं येतात. सैनिकांची, आयांची, बायकांची. बाजूला रोजचा हुकूम: आज गावांची नावं खोडा, आज भुकेचा उल्लेख खोडा. माउसनं त्या शब्दांवर काळी पट्टी ओढायची. चुकलात की लाल चिठ्ठी. चिठ्ठ्या साचल्या की नोकरी गेली, खेळ खलास. भाषा हिंदी, तीही मशीनकडून करून घेतलेली: “प्यारी माँ, यहाँ बर्फ मुझे बहुत ठंडा करती है.”

बाबूजी स्टूल ओढून बसले. त्यांनी पहिलं पत्र पूर्ण वाचलं आणि तसंच पुढं पाठवलं. लाल चिठ्ठी आली.

“बाबूजी, तिथं पट्टी ओढायची असते,” मी म्हणालो. “पोरगा भूक लागली म्हणून लिहितोय ना, ते झाकायचं.”

“काऊन?”

“हुकूम आहे.”

“कोनाचा? त्याच्या मायले पत्र हाये. मधात हा कोन?”

लाल चिठ्ठ्या साचून खेळात त्यांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी आले आणि पुन्हा घालवली. मग ते रोजच यायला लागले. काळी पट्टी ओढायचं बटण कुठं आहे हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, कारण त्यांनी ते कधी विचारलंच नाही. उठताना ऐटीत सांगायचे, “आजही काढलं सरकारनं आपल्याले.” एखाद्याला बढती मिळावी तसा त्यांचा चेहरा असायचा.

मी माणूस भाव करणारा. म्हटलं, “बाबूजी, एक-दोन शब्द झाका की. बदल्यात बाकीचं पत्र तर जाईल. फायद्याचा सौदा आहे.”

“तू सेठ आहेस गा. मी टपाल वाटनारा. अर्धं पत्र वाटत नाही कोनी.”

खऱ्या नोकरीतही त्यांनी हेच केलं होतं. गावात अक्षर न येणाऱ्यांना ते स्वतःच पत्र वाचून दाखवायचे. एकदा भिलाईला कामाला गेलेल्या नवऱ्यानं बायकोला लिहिलं, पुढच्या महिन्यात तुला घेऊन जातो, आईले सांगजो नोको. बाबूजींनी तेही वाचलं. आई समोर बाजेवर बसलेली!

“अहो, तेवढं तरी गाळायचं!”

“सुनेनं मायच्या समोरच पत्र माह्या हाती देलं. लिवलं ते वाचलं.” पुढचं पत्र उघडत म्हणाले, “त्या घरी मंग मले पानी नाही भेटलं कधी.”

मग ती अमावस्या आली. माझा नवा अर्ज त्यांच्या हाती पडला. सकाळीच मी त्यांना गाठलं, कारण रागाच्या भरात मी एक ओळ लिहून बसलो होतो: ‘अध्यक्षांचा साळा या पॅसेजला बहिणीचं अंगण समजतो आणि अध्यक्ष बायकोला भितात म्हणून गप्प बसतात.’

“शेवटचा तुकडा सोडून वाचा, बाबूजी.”

“खोडू कायले? खोटं हाये?”

“खोटं नाही हो. पण...”

“मंग झालं.”

अध्यक्षांनीही अर्ज आधी बघून त्यावर पेन्सिलनं रेघा मारून दिल्या होत्या, एवढं सोडून वाचा म्हणून. बाबूजी उभे राहिले आणि वाचायला लागले. धूर, साळा, पळालेली गिऱ्हाईकं, दाबलेले अर्ज, सगळं. मधूनमधून त्याच आवाजात, “इथं पेन्सिलीची रेघ हाये,” असंही वाचलं. आणि मग हिंदीत, “अध्यक्षजी पत्नी से डरते हैं.” सिंधी कपडेवाला एवढा हसला की त्याचा चहा सतरंजीवर सांडला.

अध्यक्ष लाल झाले, पण मुरलेला माणूस. शांतपणे मला म्हणाले, “देख भाई, ये बीवीवाली लाइन काट दे. कल सुबह जनरेटर हट जाएगा. सबके सामने बोल रहा हूँ.”

जन्मात इतका स्वस्त सौदा मला कोणी दिला नव्हता. मी बाबूजींना म्हणालो, “मारा रेघ.”

त्यांनी कागद आणि पेन दोन्ही माझ्यापुढं धरलं. “तुह्यं हाये. तूच खोड. माह्या हातानं नाही होत.”

मी पेन उघडलं. त्या ओळीच्या वर धुराच्या वाक्यावर पेन्सिलची रेघ होती, खाली दाबलेल्या अर्जांच्या वाक्यावर होती. माझी रेघ त्यांच्यात छान मिसळली असती. सगळे बघत होते. मी पेनचं टोपण लावलं.

“नाही काटत,” म्हणालो.

जनरेटर तिथंच राहिला. बाबूजींना पुन्हा वाचायला बोलावलं नाही. “तुमच्यामुळे सौदा गेला,” मी त्यांच्यावर डाफरलो, तेव्हा ते माउसवरून हात न काढता म्हणाले, “पेन तर तुह्या हाती होता गा.” आणि एका बाईचं पत्र, तिच्या रिकाम्या चुलीसकट, सीमेवर पाठवून दिलं.

गेल्या हिवाळ्यात धानाच्या मळणीला ते आपल्या गावी गेले आणि तिथंच वारले. मी माल आणायला नागपूरला होतो, कळलं तेव्हा सारं आटोपलं होतं. तरी गेलो. दारातली एक म्हातारी मला म्हणाली, “आमच्या घरची समदी भांडनं यानंच पत्रं वाचून लावली, बापा,” आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

आता वाचायला पुन्हा अध्यक्षांचाच माणूस आहे. माझा अर्ज तो हातात घेत नाही. म्हणून दर अमावस्येला मीच उठून वाचतो, त्या ओळीसकट, आधी मराठीत, मग हिंदीत. मागच्या वेळी मी उभा राहिलो आणि वीज असताना साळ्यानं जनरेटर चालू केला. पॅसेज धुरानं भरला. एवढे दिवस मी एकट्यानं गिळलेला धूर त्या दिवशी सगळ्यांच्या नाकात गेला. अध्यक्षांनी रुमाल लावला. मी ओळीवर बोट ठेवून उभा राहिलो. बसलो नाही, ओरडलोही नाही.

शेवटी सिंधी कपडेवालाच खोकत उठला, जाऊन बटण बंद केलं आणि साळ्याकडे पाठ करून सतरंजीवर बसला.

“पढ़ो भाई,” तो म्हणाला. “पूरा पढ़ो.”

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.