चुन्याचे गोल
रॉकेलचा वास आला की सेलूचं आमचं अंगण डोळ्यांपुढे येतं. लग्नाला वर्ष झालं होतं. ह्यांनी लिलावातून आणलेल्या लष्करी फटफटीचं इंजिन खोललं, रॉकेलमध्ये धुतलं आणि एकेक भाग क्रमानं सारवणावर मांडला. झाडताना तो क्रम मोडू नये म्हणून मी प्रत्येक भागाभोवती ओल्या चुन्याचा गोल काढला. रांगोळी घातली असती तर तिचा कण इंजिनात गेला असता. हे हसले, "इंजिनाची पूजा करून राह्यली काय?" मग चार दिवस इंजिन भरत गेलं आणि गोल रिकामे होत गेले, नुसतं पिवळं ऊन त्यांच्यात येऊन बसे. शेवटी ह्यांनी किकवर पाय ठेवला, तेवढ्यात मला तुळशीजवळच्या इवल्या गोलात सारवणाच्याच रंगाचा, तांब्याचा वायसर दिसला. "थांबा, एक राह्यलं!" हे त्या गोलाकडे पाहतच राहिले. "सारं तेल गळून इंजिन जाम झालं असतं," एवढंच म्हणाले आणि पाना घेऊन पुन्हा सगळं उघडायला बसले. आता अंगणात फरशी आहे, हे नाहीत. तरी तो वास आला की मी मनातल्या मनात एकेक गोल तपासत जाते. एखादा भरलेला सापडला, तर हे पुन्हा सगळं उघडायला बसतील.