तीन किलोला अचूक काटा

माझी वहिनी तान्ह्या बाळांच्या वॉर्डात वजनं करते. बावीस वर्षं हेच काम. दिवस भरण्याआधी जन्मलेली एवढीएवढीशी बाळं ती झोळीत घालते, झोळी काट्याला अडकवते, सुई स्थिर होईपर्यंत स्वतःचा श्वास रोखून धरते आणि मग आकडा सांगते. दोन किलो भरले की बाळ घरी. त्या घटकेला बाळांच्या आया तिच्या तोंडाकडे जशा बघतात, तसं माझ्या तोंडाकडे नववीच्या वर्गात आजवर कुणी बघितलेलं नाही. मी गणित शिकवते.

वहिनी कामाला भारी कडक. रोज सकाळी तीन किलोचं वजन अडकवायचं, सुई तीनवर येते का बघायचं, येत नसेल तर वरचा स्क्रू पिळून आणायची आणि मगच पहिलं बाळ हातात घ्यायचं. काट्याबद्दल कुणी ब्र काढलेला तिला खपत नाही. "नवऱ्यापेक्षा त्या काट्यावर हिचा विश्वास जास्त," असं दादा म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही.

त्या आठवड्यात मला दोन बिंदूंवरून रेषेचं समीकरण शिकवायचं होतं. पुस्तकातल्या उदाहरणांना पोरं जांभया देतात, म्हणून म्हटलं, खऱ्या काट्यावरचे आकडे नेऊ या. शाळेच्या प्रयोगशाळेतली वजनं पिशवीत घालून दुपारी वॉर्डात गेले.

"काय मास्तरीणबाई, माझ्या काट्याची परीक्षा घेताय? घ्या. शंभरपैकी शंभर!"

तीन किलो अडकवले. सुई बरोबर तीनवर. वहिनीने भुवया उडवल्या. मग एक किलो अडकवलं. सुई एक किलो चारशेवर जाऊन थांबली.

"तुझं वजनच खोटं आहे," वहिनी म्हणाली आणि तरातरा जाऊन औषधांच्या खोलीतलं एक किलोचं वजन घेऊन आली. पुन्हा एक किलो चारशे.

मला तर उदाहरण सापडल्याचा आनंद झाला. हे लिहायचीही लाज वाटते, पण झाला. एका कोऱ्या कागदावर मी मांडत सुटले. खरं वजन दोन किलोंनी वाढलं, काटा मात्र एक किलो सहाशेच वाढला, म्हणजे चढ ०.८. एका किलोला काटा १.४ दाखवतो, त्यातून ०.८ गेले, उरले ०.६. काटा = ०.८ × खरं वजन + ०.६.

"बघ वहिनी, एका बिंदूतून हव्या तेवढ्या रेषा जातात. तू रोज एकच बिंदू तपासत होतीस. तीनला काटा खरा, पण खाली येशील तसा तो वजन फुगवून सांगतो."

"दीड महिन्यापूर्वी स्प्रिंग बदलली," ती हळूच म्हणाली. नवी स्प्रिंग जास्त ताठ निघाली होती आणि हिने स्क्रू पिळून सुई तीनवर आणली होती. तबकडीवर एकच्या खाली आकडेच नव्हते, त्यामुळे रिकामी सुई कुठे उभी आहे याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"मग काटा दोन दाखवतो, तेव्हा बाळ किती?"

मी दोनातून ०.६ वजा केले, उरलेल्याला ०.८ ने भागलं. "पावणेदोन," मी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते मला तेव्हा कळलं.

वहिनीने रजिस्टर उघडलं. दीड महिन्यात नऊ बाळं दोन किलोंवर घरी गेली होती. तिचं बोट सातव्या नावावर थांबलं.

"ही गेली," ती म्हणाली. "घरी नेल्यावर अकराव्या दिवशी. गार पडली होती. आईने नीट पांघरलं नाही, असं सगळे म्हणाले. तीही तेच म्हणत रडत होती."

मी काय बोलले ते लपवत नाही. "वहिनी, तिला आता सांगून काय होणार? पोर तर परत येणार नाही."

"गप्प बस," ती म्हणाली. आजवर ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती.

डॉक्टरांना तिने स्वतः सांगितलं. काटा उतरवला, आठ घरी फोन गेले, आणि संध्याकाळपर्यंत आठही बाळं वॉर्डात परत आली. उरलेल्या नवव्या घरी ती चालत निघाली. तिला एकटीला कसं सोडणार, म्हणून मी मागोमाग गेले.

ती बाई घरी शर्टांच्या कॉलरी शिवायची. दार उघडलं तेव्हा तिच्या दातांत दोरा होता. ती "बसा" म्हणाली, पण वहिनी बसली नाही.

"काटा चुकत होता. तुझी मुलगी दोन किलोंची झालीच नव्हती. तिच्या अंगात अजून ऊब धरायची ताकद आली नव्हती. मी तिला घरी पाठवायलाच नको होतं. चूक माझी आहे."

आता ही अंगावर धावून येणार, म्हणून मी श्वास रोखून उभी होते. बाईने दातांतला दोरा काढला, तो बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हणजे," तिने विचारलं, "मी तिला नीट पांघरलं होतं?"

मीच म्हणाले, "हो."