आठ आकडे होईपर्यंत

पूर्णेला स्टेशन रोडवर आमचा फोटो स्टुडिओ होता. वडिलांनी हैदराबादहून आणलेला मोठा लाकडी कॅमेरा, त्याला माझ्याहून कितीतरी जुनं पितळी भिंग. त्याला खटका नव्हता. पुढचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचं.

नामांतराच्या दंगलीचे दिवस होते. एका दुपारी जवळच्या खेड्यातले एक मास्तर म्हाताऱ्या आईला घेऊन आले. तिचा एकही फोटो नव्हता. दोघं खुर्च्यांवर बसले न बसले तोच रस्त्यावर पळापळ सुरू झाली. मी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं लाईटही गेली.

मास्तर हळूच म्हणाले, "आमी बौद्ध आहोत. तुमाला तरास नको. मागून वाट हाय का?"

मागून वाट नव्हती. असती तर मी त्यांना बाहेर काढलं असतं का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दारावर काठी आपटली. "कोण हाय आत?"

"मी एकटाच. फिल्म धुवायलोय, उजेड आला तर वाया जाईल."

माणसं गेली नाहीत. तिथंच पायरीवर बसून बोलत राहिली. आत आम्ही तिघं घामानं भिजलो. माठातलं पाणी घ्यायचीही भीती, भांडं वाजेल म्हणून. तास-दीड तास गेला असेल.

मग म्हातारी कुजबुजली, "लेकरा, बसलेच हाय तर फोटू तर काढ."

छपराच्या काचेतून येईल तेवढाच उजेड. मी काळ्या फडक्यात डोकं घातलं. काचेवर तिचा चेहरा उलटा दिसत होता.

"आठ मोजीपर्यंत हलायचं न्हाई, माय."

"मला कुटं जायचंय?"

मी झाकण काढलं. पाचाला दारावर पुन्हा काठी पडली. मास्तरांची मान वळली. म्हातारीची पापणीही हलली नाही.

दार काही त्यांनी फोडलं नाही. संध्याकाळी पोलिसांची गाडी आल्यावर ती माणसं पांगली, रस्ता मोकळा झाला. मी दोघांना स्टेशनपर्यंत सोडलं.

फोटोत म्हातारीची सुरकुती न् सुरकुती उमटली होती. शेजारी मास्तरांचा चेहरा धुरासारखा पसरलेला.

महिनाभरानं ते एकटेच आले. गावातलं घर जळालं होतं. आता मायलेक इथंच, मेहुण्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होते.

"दुसरा काढून देतो," मी म्हणालो. "मायला घेऊन या."

"ती येत न्हाई. दिवसभर आतून कडी लावून बसती." त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. "ऱ्हाऊ द्या. हाच द्या."