इमारतीआधी आलेली दुसरी कोनशिला

मंडळी, आज सकाळी आमच्या कॉलनीतल्या खड्ड्यापाशी टेम्पो थांबला. मला वाटलं, अभ्यासिकेचं काम सुरू झालं एकदाचं.

दीड वर्षापूर्वी इथं जुनी अभ्यासिका होती. पत्र्याची, पण चालू. नव्या इमारतीसाठी ती पाडली, नारळ फोडला, कोनशिला बसवली, फोटो काढले. तेव्हापासून नुसता खड्डा. शेजारच्या शबानाभाभींची सानिया आता अभ्यासाला रोज रिक्षानं औरंगपुऱ्यात जाते.

टेम्पोतून उतरलं काय? नवी कोनशिला! आधीच्या कोनशिलेवर एका साहेबांचं नाव राहून गेलं होतं म्हणं.

सोबतच्या इंजिनिअरला मी विचारलं, "आणि इमारत?"

"ताई, निधी मंजूर व्हायचाय अजून."

"मग चालू अभ्यासिका पाडली कशाला?"

"भूमिपूजनाची तारीख ठरली होती ना!"

हे तो अगदी गंभीर चेहऱ्यानं बोलला. लाज कशाशी खातात, हे यांना ठाऊकच नाय.

तेवढ्यात शबानाभाभीही तिथं आल्या. त्यांनी विचारलं, "साहब, इस पत्थर के पैसे कैसे फटाफट मंजूर हो गए?"

इंजिनिअरनं लगेच मोबाइल कानाला लावला. तो वाजलाच नव्हता.

तुमच्याकडं असा दगड उभा असंल तर कमेंटमध्ये फोटो टाका. दगडाचाच टाका, इमारतीचा कुणी मागत नाय.