कुलपातला निरोप

मारुंजीच्या टपरीवर आमी म्हातारे बसलो की किस्से गोवऱ्यांसारखे रचले जात्यात. ह्या खेपेचा ढीग मात्र माझ्याच दारात लागला.

घोटावडे गावात ऱ्हाणारा माझा धाकटा भाऊ सोपान आन् मी अकरा वर्सं बोललेलो न्हाई. बांधावरून भांडलो. आता कासारसाईच्या आमच्या सामायिक रानावर जमिनीचा एजंट टपलाय. सोमवारी सोपान्यानं त्याच्या हिश्श्याची सही केली की माझ्या उरावर एजंट. मग माझं रान तरी किती दिवस ऱ्हाणार? सोपान्याला अडवायचं, पर बोलायचं न्हाई. मग मेसेजच!

*

माझी भाडेकरू वैशाली, लातूरची पोरगी, हिंजवडीत कंप्युटरवर काम करती. तिनं फोनात नव्या पद्धतीचा मेसेज चालू करून दिला.

"आबा, हे छोटं कुलूप दिसतंय ना? म्हणजे तुमच्या आणि त्यांच्या फोनशिवाय कुणालाच वाचता येत नाही. मोबाईल कंपनीलासुद्धा नाही."

"कुलूप कंपनीचं आन् चावी कंपनीकडं न्हाई? असं कुटं असतंय व्हय! मी तर भाड्याच्या प्रत्येक खोलीची एक चावी माझ्याकडं ठेवतो."

दुसऱ्या दिवशी वैशालीच्या दाराला नवं कुलूप!

*

दूधवाला बबन घोटावड्याला रतीब घालतो. त्याच्या तोंडी सांगावा धाडला, "सोपान्याला म्हनावं, मेसेज येईल. कुलपातला हाय. कुनालाच दावू नको."

मग टपरीवर बसून वैशालीकडनं मेसेज केला, "सही करू नको."

खाली आलं, 'वाचलं'. तीन टिंबं नाचाय लागली.

"ते लिहितायत," वैशाली म्हणाली.

चहा गार झाला. टिंबं थांबली. परत नाचली. परत थांबली. टपरीवर कुनी घोट बी घेईना.

बबन म्हणाला, "एवढं लिवतोय म्हंजे शिव्याच असनार!"

उत्तर आलं, "हं."

अकरा वर्सांनी भाऊ बोलला, ते बी एक अक्षर! त्याचा अर्थ व्हय का न्हाई, ह्यावर टपरी दोन दिवस भांडली.

*

शनिवारी टपरीवर नेटच गेलं. मला धीर कुटला! वैशालीला सांगून लिवून घेतलं, "सोमवारी सहीला येऊच नको. आजारी पड."

मेसेज गेला, पर कुलूप गायब!

"नेट नसलं की साधा एसएमएस जातो, आबा. त्याला कुलूप नसतं."

रविवारी एजंट आडवा आला, दात काढत. "काय आबा, सोपानकाका उद्या आजारी पडनार म्हनं?"

फुटला मेसेज! मी कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या.

टपरीवाला म्हणाला, "कंपनीला कशाला शिव्या? तुमाला ऐकू कमी येतंय, म्हनून तुमी अक्षर न् अक्षर वरडून सांगत हुता. एजंट मागच्या बाकड्यावर भजी खात हुता!"

*

सोमवार. सोपान्याला अडवायला कचेरीत गेलो. येऊ नको म्हनून सांगितलेला गडी माझ्या आधी येऊन बसलेला! माझं रगात उकळलं.

एजंटानं कागद पुढं सरकवला, जागेवर बोट ठेवलं, पेन हातात दिला. "काका, हितं."

सोपान्यानं पेन खाली ठेवला. खिशातनं फोन काढून माझ्यापुढं धरला.

"दादा, काय लिवलंयस ते वाच."

"तू वाचलंस की! माझ्या फोनात 'वाचलं' म्हनून आलं!"

"नुसतं उघडलं, आन् 'हं' चाचपडत लिवलं. डोळ्यात मोतीबिंदू हाय. एरवी सून वाचून दावती. पर तुझा सांगावा हुता, कुनाला दावू नको. न्हाई दावलं."

मी चष्मा पुसला. एजंट मान लांब करून फोनात बघाय लागला.

सोपान त्याला म्हणाला, "तुमी जरा भायेर व्हा. कुलूप हाय."